अर्धा सूर खाली

पहिलाच सूर खाली लागला. सुई तबकडीवर टेकली, कडेच्या रिकाम्या चरीतली माफक खरखर संपली आणि व्हायोलिनांचा समूह एकदम उठला, तेव्हा खुर्चीला पाठ टेकवण्याच्या बेतात असलेला तो तसाच अर्धवट वाकून राहिला. जिना संपला असे समजून पाऊल टाकावे आणि आणखी एक पायरी खाली निघावी, तसे त्याला वाटले. सूर तोच होता. त्याच कॉन्चेर्टोची, व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठीच्या त्याच रचनेची, तीच सुरुवात, जिच्यातली प्रत्येक उडी आणि प्रत्येक उतार त्याच्या बोटांनासुद्धा पाठ होता. पण सगळे काही सबंधच्या सबंध खाली सरकलेले होते. आपण बाहेर गेलो असताना कोणीतरी घरातले सगळे सामान उचलून, अगदी त्याच मांडणीत, एका बुटक्या छताच्या खोलीत नेऊन ठेवावे आणि आपल्याला काही कळणार नाही अशी आशा करावी, असा तो प्रकार होता. त्याने या तबकडीची फार वाट पाहिली होती. सकाळी ती आली तेव्हा त्याने आधी हात धुतले, कोरडे केले, खिडकी लावली, मऊ कापडाने थाळी पुसली. युरोपातल्या बरोक काळातले, तीनशे वर्षांपूर्वीचे ते सुप्रसिद्ध कॉन्चेर्टो आणि मागच्या बाजूला सोनाटा, सगळे नव्याने ध्वनिमुद्रित केलेले. आवरणावर एका तरुण वादिकेचे छायाचित्र होते. ती व्हायोलिन गालाशी न धरता, झोपलेले मूल धरावे तसे दंडावर घेऊन उभी होती. तिच्याकडे त्याने नीट पाहिलेही नाही. त्याला घाई होती. इतक्या वर्षांत कोणत्याही यंत्राचे माहितीपत्रक अथपासून इतिपर्यंत वाचल्याशिवाय त्याने ते चालू केले नव्हते, आणि आज मात्र आवरणाची मागची बाजू उलटून पाहण्याइतकाही धीर त्याला निघाला नव्हता.

त्याने सुई उचलली. संशय अर्थातच यंत्रावर आला. मापन-उपकरणे तपासण्याच्या प्रयोगशाळेत त्याचे उभे आयुष्य गेले होते, आणि हाताखाली येणाऱ्या प्रत्येक नवख्याला तो पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगत असे: आधी स्वतःच्या उपकरणावर संशय घ्या, मग स्वतःच्या डोळ्यांवर, आणि समोरच्या वस्तूवर सगळ्यांत शेवटी. तिथे मखमलीचे अस्तर लावलेल्या लाकडी पेट्यांत मूळ मापे ठेवलेली असत. उघड्या हाताने त्यांना स्पर्श करायचा नाही, कारण बोटाच्या उबेनेसुद्धा पोलाद फुगते. बाहेरून येणारे प्रत्येक माप त्या मुळाशी ताडून पाहायचे, फरक काढायचा आणि शिक्का मारायचा. निवृत्त होताना त्याला त्या पेट्या सोडून जाण्याचे जितके वाईट वाटले तितके माणसांना सोडून जाण्याचे वाटले नव्हते, हे त्याने फक्त बायकोला सांगितले होते. ती म्हणाली होती, "अहो, माणसं तरी कुठे मापात होती तुमची." आताही त्याने रीतसर एकेक गोष्ट पाहिली. थाळीच्या कडेवर ठिपक्यांची ओळ होती, तिच्यावर बारीक दिव्याचा लुकलुकता प्रकाश पडत असे, आणि गती बरोबर असली की फिरत्या थाळीवरचे ते ठिपके जागच्या जागी उभे राहिल्यासारखे दिसत. ते उभे होते. तळाचे झाकण उघडून त्याने पट्टा पाहिला. ताण ठीक होता. थाळीवर पाणपातळी ठेवली, बुडबुडा मधोमध होता. यंत्रात दोष नव्हता, आणि दोष नाही हे कळल्यावर नेहमी वाटणारे समाधान या वेळी वाटले नाही. मग त्याने जुनी तबकडी काढली, तांत्रिक महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षी घेतलेली, आवरणाच्या कडा झिजून कापसासारख्या झालेली. तिचा पहिला भाग लावला. सूर जिथे असायला हवा होता तिथे होता. वर, लख्ख, दुपारच्या उन्हासारखा. त्याला एकदम हायसे वाटले, आणि लगेच आठवले की या तबकडीचा आता उपयोग नाही. पहिला भाग वाजतो, तिसरा वाजतो. मधला, संथ भाग मात्र त्याने इतक्या वेळा लावला होता की चर झिजून बोथट झाली होती. सुई तिथे पोहोचली की बर्फावरून पाय घसरावा तशी सरकून थेट शेवटच्या काही मात्रांवर जाई. त्याच भागासाठी नवी तबकडी मागवली होती. बाकीच्या कॉन्चेर्टोंशी आणि सोनाटांशी, खरे सांगायचे तर, त्याला काही कर्तव्य नव्हते.

त्या संथ भागात ती, त्याची बायको, होती. निदान आतापर्यंत होती. पहिल्यांदा तो तिला भेटला तो सार्वजनिक ग्रंथालयाच्या तळघरात, जिथे ती पुस्तकबांधणीच्या विभागात काम करीत असे. त्याच्या एका जाडजूड संदर्भग्रंथाची पाने सुटली होती, आणि ती पुन्हा बांधून मिळतील का, हे विचारायला तो गेला होता. तिने ग्रंथ हातात घेतला, पाठीवरून बोट फिरवले, आतला शिवलेल्या पानांचा एक जुज ओढून पाहिला आणि गंभीरपणे म्हणाली, "हे फाटलेलं नाही. तुम्ही वाचून वाचून मारलंय याला." तो हसला नाही. त्याला वाटले खरेच काही तांत्रिक दोष सांगते आहे. त्याने विचारले, "म्हणजे नेमकं काय झालंय?" तेव्हा ती जी हसली ते हसणे त्याला अजून स्वच्छ दिसते. दिसते, एवढेच. तिच्या बोटांवरची खळ, डाव्या तर्जनीवरचा दोऱ्याचा कापल्यासारखा वळ, वाचताना चष्मा कपाळावर सरकवण्याची लकब, रागावली की भांडी अधिकच हळू ठेवण्याची तऱ्हा, हे सारे त्याच्याजवळ होते आणि शाबूत होते. बोलण्याचा आवाजही होता. एका लग्नाच्या चित्रफितीत ती कोणाला तरी "अगं, आधी जेवून घे, मग काय ते रड" असे सांगते, ती फीत मुलीने त्याच्या फोनवर घालून दिली होती. पण तिचे गुणगुणणे कशावरही नव्हते. लग्नानंतर तो सुट्टीच्या दिवशी आतल्या खोलीत दार लावून तबकडी ऐकत असे, आणि ती बाहेर आपले काम करीत असे. दाराआडून ऐकून ऐकून तो संथ भाग तिच्यात कधी झिरपला हे तिलाही कळले नाही. तिला संगीत येत नव्हते आणि त्याची तिला खंतही नव्हती. ती ओठ मिटून, हात कामात गुंतले की, आपल्याशीच गुणगुणे. एकदा त्याने ध्वनिमुद्रणाचे यंत्र तिच्यासमोर ठेवले होते. ती एक शब्द न बोलता बसून राहिली आणि शेवटी म्हणाली, "तुमच्या यंत्रासमोर माझा आवाज उभा राहत नाही हो. पाहुण्यांसमोर पोर बोलत नाही ना, तसं." त्यालाही वाटले, घाई काय आहे. ती तर घरातच आहे.

ती गेल्यावर, घरातली माणसे आपापल्या गावी परतल्यावर, त्याने एका सकाळी सहज ती तबकडी लावली होती, आणि संथ भाग सुरू झाल्यावर त्याला दारापलीकडून ती ऐकू आली. भ्रम वगैरे नव्हे; तो इतका भाबडा नव्हता. व्हायोलिनचा तो पहिला सूर, खालून साथीची वाद्ये पावलापावलाने चालत असताना वर एकटाच, न थरथरता धरून ठेवलेला आणि मग सावकाश उतरणारा, त्या सुराच्या किंचित मागे, सावलीसारखा, तिचा सूर त्याच्या स्मरणात आपोआप उमटत होता. व्हायोलिन नसले की मात्र तो उमटत नसे. रस्त्यातून चालताना, अंथरुणावर पडल्या पडल्या, त्याने कितीदा प्रयत्न केला असेल. येई ते केवळ ज्ञान: ती असे असे गुणगुणत असे, एवढी माहिती. आवाज येत नसे. म्हणून तबकडी लावायची. मूळ मापाशी ताडल्याशिवाय वस्तूचे माप सांगता येत नाही, तसेच हे होते, आणि या विचाराने त्याला एक प्रकारचा धीरही येत असे, कारण ही पद्धत त्याच्या ओळखीची होती. पण मूळ माप वापरून झिजते, हे त्याला, निदान त्याला तरी, आधी सुचायला हवे होते. सुई पहिल्यांदा घसरली त्या दिवशी त्याने ती पुन्हा पुन्हा मागे नेऊन ठेवली, आणि प्रत्येक वेळी ती त्याच गुळगुळीत जागेवरून निसटली. तेव्हापासून घरात शांतता होती, आणि त्या शांततेत ती दिवसेंदिवस अधिक अधिक नुसती माहिती होत चालली होती.

त्याने दुकानाला फोन लावला. दुकानदार त्याच्या वयाचाच होता, आणि गिऱ्हाइकाची चेष्टा करण्याचा हक्क आपण वर्षानुवर्षांच्या सेवेने कमावला आहे असे समजणाऱ्यांपैकी होता.

"बोला इंजिनियरसाहेब! पोचली ना? कशी आहे?"

"खाली आहे."

"खाली? खालच्या मजल्यावर ठेवून गेला की काय माझा माणूस?"

"सूर खाली आहे. सबंध अर्ध्या सुराने. ध्वनिमुद्रणाच्या किंवा छपाईच्या वेळी गतीत घोटाळा झालेला असणार. माझं यंत्र मी तपासलंय."

पलीकडे हसू दाबल्याचा आवाज आला. "साहेब, आवरण वाचलंत का?"

त्याने आवरण जवळ ओढले.

"मागची बाजू. अगदी तळाला. मुंगीच्या पावलांएवढं अक्षर आहे, चष्मा लावा."

"तुम्हीच सांगा ना."

"त्या काळी म्हणे वाद्यं लावायचेच खाली. ही मंडळी तशीच लावतात. ताराही धातूच्या नाहीत, तातीच्या आहेत, आतड्याच्या. गजसुद्धा तेव्हाच्या घाटाचा. सगळं मुळाबरहुकूम. खरं बोलायचं तर तुमची ती जुनी तबकडीच वर चढवलेली."

"चढवलेली?"

"म्हणजे आजच्या मापाची हो. लगेच कपाळाला आठ्या घालू नका, मला इथून दिसतात. चूक कुणाचीच नाही. उलट तुमच्या कानांचा सत्कार करायला हवा. इतक्यांनी नेली, एकालाही कळलं नाही. एक बाई तेवढ्या म्हणाल्या, हिच्यात व्हायोलिन जरा कमी रडतं. नको असेल तर पाठवून द्या परत."

"नको," तो म्हणाला. "राहू दे."

फोन ठेवून त्याने चष्मा लावला आणि आवरणाची मागची बाजू वाचली. दुकानदार म्हणाला तसेच होते. चूक कोणाचीच नव्हती. चूक असती तर ती दुरुस्त करता आली असती. त्याने पुन्हा सुई ठेवली, या वेळी थेट संथ भागावर. डोळे मिटले. साथीची वाद्ये चालू लागली, आणि वर तो सूर आला. तातीच्या तारेचा, किंचित घोगरा, गज घासल्याची लव अंगावर असलेला. वाईट मुळीच नव्हता. परक्या घरात गेल्यावर यजमानीणबाईंनी अगत्याने पुढे यावे तसा तो आला, आणि तो ज्या दारातून यायला हवा होता ते दार भिंतीत चिणून टाकलेले होते. तिचा सूर कुठेच उमटला नाही. उमटायला जागा नव्हती. ती जिथे उभी राहत असे ती पायरीच खाली गेली होती. शिवाय दुसऱ्या फेरीत वादिकेने मूळ ओळीवर बारीक नक्षी भरायला सुरुवात केली. एका सुराच्या जागी तीन, मध्येच एक हलका लपेटा. ऐकता ऐकता त्याच्या लक्षात आले की आपल्याला ते आवडते आहे, आणि त्यासरशी तो घाबरला. हे जर कानात बसले, त्याला वाटले, तर ते जुन्यावर बसेल. भिंतीला नवा रंग दिला की जुना रंग कोणता होता यावर घरातल्या माणसांचे एकमत होत नाही. ती गेली त्या वर्षी मुलीने हौसेने बैठकीची खोली रंगवून घेतली होती, आणि आधीचा रंग फिका पिवळा होता की राखी, हे त्याला आता खरोखर सांगता येत नव्हते. ज्या भिंतीकडे पाहत त्याने अर्धे आयुष्य चहा प्यायला होता त्या भिंतीचा रंग! तिचे गुणगुणणे तर भिंतीपेक्षा कितीतरी पातळ होते. त्याने सुई उचलली.

मग त्याला सरकपट्टीची आठवण झाली. यंत्राच्या उजव्या बाजूला गती किंचित कमीजास्त करण्याची सोय होती. वाढवली की सूरही चढतो, हे तर शाळेतल्या पोरालाही कळते. जुन्या तबकडीचा पहिला भाग लावायचा, तो सूर कानात धरायचा, तबकडी बदलायची, पट्टी सरकवायची. असे करीत करीत त्याने नवीचा सूर जुनीच्या उंचीवर आणून बसवला. काम बारीक होते आणि त्यात तो रमला. मधूनच त्याला असेही वाटून गेले की आपण शीळ घालतो आहोत. सूर जुळल्यावर त्याने हात पुसले आणि संथ भाग लावला. उंची बरोबर होती. पण आता सारे घाईत होते. साथीची वाद्ये, जी पावलापावलाने चालायची, ती दुकान बंद होण्याआधी पोहोचायचे असल्यासारखी लगबगीने निघाली होती, आणि वरचा सूर उतरण्याआधीच उतरला. तिला कधीच कसली घाई नसे. सगळे लोक बसस्थानकाकडे धावत असताना ती चालत येई आणि म्हणे, "जाऊ दे गेली तर. दुसरी काय आपल्यावर रुसलीय?" तो पुढे जाऊन तिच्यासाठी बस थांबवून धरी, वाहकाची बोलणी खाई, आणि ती शांतपणे चढून वाहकालाच विचारी, "काय हो, उशीर का झाला आज?" त्याने पट्टी मागे आणली. चाल मिळाली, उंची गेली. पुढे नेली. उंची मिळाली, चाल गेली. मध्यावर ठेवली, तेव्हा दोन्ही गेले. एका चाकाला बांधलेल्या या दोन गोष्टी या यंत्रात सुट्या होऊ शकत नाहीत, हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होते; तरीही तो बराच वेळ ती पट्टी मागेपुढे करीत राहिला. शेवटी त्याने स्वतःच गुणगुणून पाहिले. खर्जातला, दम नसलेला, म्हाताऱ्या माणसाचा आवाज निघाला आणि लाजून बंद झाला. ठिपके मात्र आता, गती मूळपदावर आल्यावर, पुन्हा आज्ञाधारकपणे जागच्या जागी उभे होते. त्याने यंत्र बंद केले, झाकण लावले, आणि झाकणावर हात ठेवून बसून राहिला. खिडकीबाहेर कोणीतरी चटया झटकत होते. त्या धपधप आवाजाला काहीही उंची नव्हती, आणि त्याला तो आवाज ऐकत राहावासा वाटला.

मुलगी आत आली ती तिच्याजवळच्या किल्लीने दार उघडून. ती जलतरण तलावावर शिकवीत असे. सकाळच्या तुकड्या आटोपून सुट्टीच्या दिवशी ती इकडे येई, आणि तिच्याबरोबर तलावाच्या पाण्याचा तो औषधी वास घरभर शिरे. केस ओले होते. हातात फळांची पिशवी होती.

"बाबा, केव्हाची बेल वाजवतेय. समाधी लागली होती का?"

"ऐकू आली नाही."

"आणि हे काय? पुन्हा पोट फाडलंत त्या बिचाऱ्याचं?" मेजावर कापडावर ओळीने मांडून ठेवलेल्या पेचकसांकडे पाहत ती म्हणाली. "पेशंट कसा आहे?"

"यंत्र ठीक आहे."

"मग डॉक्टरांचा चेहरा असा का?"

त्याने सांगितले. म्हणजे सांगण्यासारखे होते तेवढे: नवी तबकडी, जुनी रीत, तातीच्या तारा, खाली लावलेला सूर. ती खुर्चीच्या हातावर बसून, टॉवेलने केस पुसत ऐकत होती.

"अर्धा सूर!" ती म्हणाली. "माझ्या तलावावर येऊन बघा एकदा. माझी पोरं अर्धा अर्धा हात वाकडी पोहतात आणि त्यांचे आईबाप टाळ्या वाजवतात. तुम्हाला अर्ध्या सुरानं जेवण जाणार नाही आज."

"जेवीन मी."

"नक्की? आणि एवढं कुठलं वाजवताय त्यातलं?"

"मधला भाग. संथ."

"आईचा?"

त्याने वर पाहिले. "आईचा म्हणजे?"

"आई म्हणायची तो. तोच ना?" ती उठली, पिशवी घेऊन आतल्या ओट्याकडे गेली, आणि फळे एकेक करून बाहेर काढता काढता, ओठ मिटून, गुणगुणू लागली.

तो जागचा हलला नाही. हे तिला ठाऊक असेल अशी कल्पना त्याच्या मनाला शिवली नव्हती. ते गुणगुणणे आपल्या एकट्याच्या स्वाधीन आहे, आपण विसरलो की ते जगातून गेले, अशाच समजुतीत तो आजवर राहिला होता. मुलीचा आवाज आईसारखा नव्हता. जाडसर होता, कितीतरी खालचा, जुन्या तबकडीशीही न जुळणारा आणि नव्या तबकडीशीही नाही. उंचीच्या हिशेबात तो कुठेच बसत नव्हता, आणि त्याच्या कानाने सवयीने फरक काढायला सुरुवातही केली होती. तो पहिला लांब सूर तिने धरला, धरून ठेवला, आणि मध्येच तोडला. क्षणभर काही नव्हते. एक फळ ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. मग तोच सूर पुन्हा लागला, आधीपेक्षा हलका, आणि सावकाश उतरला.

दम संपला असेल, असे त्याला वाटले. पण एका श्वासात पाण्याखालून तलावाच्या एका काठावरून दुसऱ्या काठाला जाणारी ही मुलगी. सूर फिरून त्या जागी आला आणि पुन्हा तिथेच, नेमका तिथेच, तुटला.

"तिथे का थांबलीस?" त्याने विचारले. आवाज त्याला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला.

"कुठे?"

"त्या लांब सुरात. मध्येच."

"थांबले कुठे? तो तुटतोच ना तिथे. तुटतो आणि मग परत लागतो, जरा हळू. मला झोपवताना म्हणायची ना ती, मी तिच्या पोटावर डोकं ठेवलेलं असायचं. तेवढी जागा आली की डोकं वर यायचं आणि पुन्हा खाली जायचं. मी वाट बघायचे त्याची." तिने नळ सोडला, फळे पाण्याखाली धरली. "का? त्या तबकडीत तुटत नाही?"

व्हायोलिनला श्वास घ्यावा लागत नाही. गज परततो आणि सूर चालूच राहतो; ऐकणाऱ्याला सांधा कळतसुद्धा नाही. माणसाला तो सूर एका दमात पुरत नाही. तिला पुरत नव्हता. ती तिथे श्वास घेत होती. प्रत्येक वेळी, इतक्या वर्षांत, भाजी निवडताना, दोरा ओवताना, या मुलीला झोपवताना, त्याच जागी ती थांबत असणार आणि श्वास घेऊन पुन्हा सूर धरीत असणार. आणि ते त्याला आठवत नव्हते. आठवणार कसे? तो तिला आठवत होता ते व्हायोलिनच्या आधाराने, आणि व्हायोलिन त्या जागेवरून न थांबता पुढे जात होते. तिची खाच त्या सुराने भरून निघत होती. जितक्या वेळा त्याने ती तबकडी लावली तितक्या वेळा ती थोडी अधिक सलग, अधिक निर्दोष होत गेली होती, आणि तिचा तो श्वास, तेवढा एकच भाग जो कुठल्याही ध्वनिमुद्रणात नव्हता, तो या ओल्या केसांच्या, बेसूर मुलीने, चाल म्हणूनच, जसाच्या तसा ठेवला होता.

"बाबा? तुटत नाही का?"

"तुटतो," तो म्हणाला.

"मग! उगीच घाबरवता." तिने नळ बंद केला, हात पुसत ती दारात आली. "असं करू या. तुम्ही ती नवी लावा. मी फोनवर टिपून घेते आणि अर्धा सूर वर चढवून देते. चाल आहे तीच राहते, नुसता सूर चढतो. दोन मिनिटांचं काम आहे. पोरांच्या कवायतीची गाणी मी अशीच करते. चला, लावा."

सकाळपासून त्याला हेच हवे होते. उंचीही आणि चालही. ती फोन हातात घेऊन, मान एका बाजूला कलती करून, उभी होती. ती एकदा ऐकेल. न तुटणारा तो लांब सूर ऐकेल, भुवया उंचावेल आणि हसून म्हणेल, अरेच्चा, मीच चुकीचं म्हणत होते की. आणि पुढच्या वेळेपासून बरोबर म्हणेल. त्याने झाकणावरचा हात काढला नाही.

"पट्टा उतरवलाय," तो म्हणाला.

"मग चढवा. तुम्हाला काय वेळ लागतो?"

"सैल झालाय. नवा मागवावा लागेल."

"आत्ता तर म्हणालात यंत्र ठीक आहे."

"बाकीचं ठीक आहे."

"कधी मिळेल पट्टा?"

"सांगता येत नाही. या जातीचे हल्ली कोणी करत नाही."

"म्हणून मी कधीची म्हणतेय, हे भंगारात काढा आणि—"

"राहू दे गं. काही घाई नाही."

तिने त्याच्याकडे क्षणभर पाहिले, खांदे उडवले आणि आत गेली. सुरीचा आणि पाटाचा आवाज सुरू झाला. तो वाट पाहत बसला. काही वेळ नुसतीच सुरी चालत राहिली, आणि त्याला वाटले, संपले, आता ती दुसऱ्याच कशाचा तरी विचार करते आहे. पुन्हा म्हण, असे सांगावे तर ती का म्हणून विचारील. मग अगदी बेतास बात, कापण्याच्या तालाशी काहीही संबंध न ठेवता, तो लांब सूर लागला. तो खुर्चीत थोडा पुढे झुकला. सूर तुटला, तेव्हा त्यानेही आपला श्वास धरला, आणि तो पुन्हा लागेपर्यंत सोडला नाही.